वाण टिकवायचा तर बी किती झाडांचं धरावं? पुनर्पेरणी, साठवण आणि रानभात

बियाणे_बरणी यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. आमच्या गटाकडे चाळीसेक पारंपरिक वाण आहेत. भात, मका, कडधान्यं, आणि काकडी, दोडका, दुधी, भोपळा, करटोली असे वेल. दरवर्षी प्रत्येकाची थोडी थोडी पेरणी होते आणि त्यातली पाच-दहा जोमदार झाडं पाहून पुढच्या वर्षाचं बी धरलं जातं. भाताचे वाण ठीक दिसतात, पण मक्याची उंची आणि कणसं भरण्याचं प्रमाण हंगामागणिक घटतंय.

विचारायचं ते असं. बी नेमकं किती झाडांचं घ्यावं? दरवर्षी पेरत राहावं, की नीट वाळवून साठवावं आणि काही वर्षांनी पेरावं? साठवायचं तर किती कोरडं, कशात, किती थंड? वेलांना जागा फार लागते, सहा-सातच वेल मावतात, त्याचं काय करायचं? आणि शेताजवळच्या पाणथळीत रानभाताची वस्ती आहे, तिचंही बी गोळा करून ठेवावं का?

---

परागकण:

मक्याची घसरण तुमच्या निवडीतूनच आली आहे. मका परपरागित, म्हणजे एका झाडाचा पराग दुसऱ्या झाडाला लागणारा. पाच-दहा कणसांवरून पिढी उभी केली की शेतातली सगळी झाडं एकमेकांची सख्खी-सावत्र भावंडं होतात, पुढच्या वर्षी त्यांचाच आपापसांत संकर होतो आणि जोम उतरतो. भात, हरभरा, मूग स्वपरागित (बहुतेक स्वतःच्याच परागाने फळणारे) असल्याने तिथे जोम उतरलेला दिसत नाही, पण नुकसान होतंच. पारंपरिक भाताचा वाण म्हणजे थोड्याथोड्या फरकाच्या अनेक ओळींचं, म्हणजे वंशांचं, मिश्रण. पाच झाडं उचलली की पाच ओळी उरतात, बाकीच्या कायमच्या जातात. शेत पूर्वीसारखंच हिरवं दिसतं, म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही.

आता आकडा. १९७५ साली मार्शल आणि ब्राउन यांनी मांडलेला निकष आजही वापरतात: वाणात ५ टक्के किंवा त्याहून जास्त प्रमाणात असलेलं जनुकरूप (एखाद्या जनुकाचा एक प्रकार) आपल्या नमुन्यात येण्याची शक्यता ९५ टक्के हवी. त्यासाठी ५९ युग्मकं (जननपेशी, प्रत्येकीत जनुकाची एकच प्रत) लागतात, कारण ०.९५ चा ५९ वा घात ०.०५ च्या खाली जातो. परपरागित झाडात प्रत्येक झाडाची दोन वेगळी युग्मकं धरता येतात, म्हणून साधारण ३० झाडं पुरतात. स्वपरागित झाडात दोन्ही प्रती बहुतेक सारख्याच, म्हणून ६० झाडं लागतात. तुमच्या दहा झाडांचा हिशेब मांडला तर असं ५ टक्केवालं जनुकरूप हुकण्याची शक्यता मक्यात सुमारे ३६ टक्के आणि भातात ६० टक्के येते, तीही एकाच हंगामात. १ टक्का प्रमाणातली दुर्मीळ रूपं धरायची तर ३०० युग्मकं लागतील. छोट्या गटाने त्यामागे लागू नये, पण ३० आणि ६० या आकड्यांच्या खाली जाऊ नये. तूर मधली आहे. माश्या तिच्यात बऱ्यापैकी संकर घडवतात, त्यामुळे झाडांची संख्या भातासारखी ठेवा आणि वेगळं राखण्याची काळजी मक्यासारखी घ्या.

जोमदार झाडं निवडणं ही वाण सुधारण्याची रीत आहे. जपणुकीसाठी ती उलट काम करते. उशिरा पिकणारं, बुटकं, बारीक दाण्याचं झाड पुढे कधीतरी दुष्काळात किंवा नव्या रोगात उपयोगी पडणारं असू शकतं, आणि तेच तुम्ही दरवर्षी वगळता. म्हणून शेतात आडवं-तिडवं चालत ठरावीक पावलांवर जे झाड येईल ते घ्या. उघड भेसळ आणि बियांतून पसरणारा रोग असलेली झाडं तेवढी सोडा. काढणीही दोन-तीनदा करा; एकदाच केली की लवकर आणि उशिरा पिकणारी दोन्ही टोकं गळतात.

शेवटचं आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षिलं जाणारं: प्रत्येक झाडाचं बी वेगळ्या पाकिटात मळा आणि मग प्रत्येकातून सारखे दाणे मोजून एकत्र करा. सगळं एका ढिगात झोडपलं तर दोन-चार भरघोस झाडांचंच बी निम्म्याहून जास्त होतं. नुसत्या मादी बाजूने असं सारखं वाटप केलं तरी परिणामी संख्या (विविधता टिकवण्याच्या दृष्टीने प्रत्यक्षात किती झाडांइतकं काम होतं तो आकडा) साधारण तिसऱ्या हिश्शाने वाढते, म्हणजे ३० झाडं ४० झाडांसारखं काम देतात. खर्च काही नाही, मोजण्याचा कंटाळा तेवढा.

---

कोरडी_कोठी:

साठवणीचं सांगतो. दरवर्षी पेरू नका. प्रत्येक पेरणीत काही ना काही गळतं, परागात भेसळ होते, लेबलं बदलतात. जितक्या कमी वेळा पेराल तितकं मूळ रूप जास्त टिकेल, आणि ते जमण्यासाठी बी खरोखर कोरडं लागतं.

हॅरिंग्टनचा ठोकताळा लक्षात ठेवा: बियातला ओलावा १ टक्क्याने कमी झाला की आयुष्य दुप्पट, आणि तापमान ५ अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट. हा साधारण ५ ते १४ टक्के ओलावा आणि ० ते ५० अंश सेल्सिअस एवढ्या पट्ट्यातच लागू पडतो. १२ टक्क्यांचं बी ६ टक्क्यांवर आणलं तर ६ वेळा दुप्पट, म्हणजे ६४ पट. ३० अंशांवरून ५ अंशांवर आणलं तर ३२ पट. फ्रीज नसलेल्या गटानेही नुसत्या वाळवणीवर बरंच साधता येतं, हे यातून दिसेल. दमट बी फ्रीजमध्ये टाकून निश्चिंत होणं मात्र धोक्याचं.

पद्धत अशी. काढणीनंतर सावलीत, वारा खेळेल अशा जागी पातळ पसरून १२ टक्क्यांपर्यंत आणा. ओलं बी कडक उन्हात टाकू नका, ओलावा जास्त असताना उष्णता अंकुर मारते. त्यानंतर हवाबंद डब्यात बियाइतक्याच वजनाचं सिलिका जेल, आणि बी कापडी किंवा कागदी पिशवीत. समान वजन का, तर १ किलो बी १२ वरून ६ टक्क्यांवर आणताना सुमारे ६४ ग्रॅम पाणी काढावं लागतं, आणि डब्यातली हवा १५-२० टक्के आर्द्रतेपर्यंत उतरवायची असेल तर जेल आपल्या वजनाच्या जेमतेम दहावा हिस्सा पाणी धरतं. मूठभर पुड्या टाकून काहीच होत नाही. रंग बदलला की जेल बदला. भट्टीत ११०-१२० अंशांवर तापवून ते पुन्हा वापरता येतं. निळं-गुलाबी होणाऱ्या जेलमध्ये कोबाल्टचं विषारी क्षार असतं, नारिंगी-हिरवं घ्या.

कोरडं झालं हे कळणार कसं? छोटं डिजिटल आर्द्रतामापक बियांसोबत घट्ट बरणीत रात्रभर ठेवा. बरणी बियांनी निदान अर्धी भरलेली हवी. सकाळी आकडा १५ ते २० टक्के दिसला की बी तयार. ओलाव्याच्या टक्क्यापेक्षा हा आकडा धरणं सोपं, कारण तेलबियांना वेगळा हिशेब लागत नाही. याच १५ टक्के आर्द्रतेवर धान्यात ५-६ टक्के पाणी असतं आणि भुईमुगात ३ टक्क्यांच्या आसपास, पण दोन्ही सारखीच सुरक्षित. बरणीत कोरडं मीठ टाकून ते चिकटतं का पाहण्याची जुनी युक्ती फक्त फार ओलं बी ओळखते. मीठ मोकळं राहिलं म्हणजे बी साठवणीला तयार, असं समजू नका.

भरायला रबरी कड असलेली काचेची बरणी किंवा आत अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेली सीलबंद पाकिटं. साधं प्लॅस्टिक पाण्याची वाफ आत सोडतं, काही महिन्यांत सगळी मेहनत वाया. जनुकपेढ्या (बियाणं जपून ठेवणाऱ्या संस्था) लांब मुदतीसाठी उणे १८ अंश ठेवतात. घरगुती डीप फ्रीजर तेवढा जातो. एका वाणाची चार-पाच छोटी पाकिटं करा, म्हणजे प्रत्येक वेळी सगळं उघडावं लागणार नाही. आणि फ्रीजरमधून काढलेलं पाकीट रात्रभर बाहेर तसंच बंद राहू द्या. थंड असताना उघडलं तर हवेतली वाफ बियांवर दव होऊन बसते. वाण हातचे जाण्याची फार साधी वाट आहे ही.

आंबा, फणस, नारळ, कोको, रबर, अ‍ॅव्होकॅडो यांच्या बिया वाळवल्या की मरतात. तिथे वरचं काहीच लागू नाही. त्यांची जिवंत झाडंच राखावी लागतात, किंवा प्रयोगशाळेत उतिसंवर्धन आणि द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर गर्भाक्ष (बियातला अंकुराचा भाग). कॉफी मधल्या गटातली: थोडी वाळवलेली चालते, पण फार कोरडेपणा आणि गोठवणं सोसत नाही.

---

वेलमांडव:

वेल आणि मका माझ्या वाट्याचे.

आधी करटोली, कारण तिथे मोजणी फसवते. नर आणि मादी वेल वेगळे. फळं हवीत म्हणून लोक कंद लावताना नर काढून टाकतात. २० मादी आणि २ नर असतील तर झाडं २२, पण परिणामी संख्या काढा: ४ गुणिले नर गुणिले मादी, भागिले दोघांची बेरीज. उत्तर येतं जेमतेम ७. दर पिढीत भिन्नयुग्मकता (एकाच झाडात जनुकाच्या दोन वेगळ्या प्रती असण्याचं प्रमाण) १ भागिले परिणामी संख्येच्या दुप्पट इतक्या हिश्शाने घटते, म्हणजे इथे ७ टक्के. पाच पिढ्यांत ३० टक्के गेली. तेच १० नर आणि १२ मादी ठेवले तर परिणामी संख्या २२ च्या जवळ राहते. कंदांवरून वाढवलेल्या वेलांत आणखी एक फसगत: एकाच कंदाचे दहा तुकडे म्हणजे जनुकीयदृष्ट्या एकच वेल.

काकडी, दोडका, दुधी, भोपळा यांत नर-मादी फुलं एकाच वेलावर असतात, पण माशी पराग लांबून आणते. शेजारी त्याच जातीचा दुसरा वाण असेल तर शेकडो मीटर अंतर ठेवूनही खात्री नाही, म्हणून हातानेच परागीभवन करावं. भोपळ्याची फुलं पहाटे उमलतात. आदल्या संध्याकाळी पिवळसर झालेल्या, टोक किंचित सैल पडू लागलेल्या कळ्या शोधा, नर आणि मादी दोन्ही, आणि टोकाला दोरा किंवा कागदी चिकटपट्टी लावून बंद करा. सकाळी लवकर नर फूल देठासह तोडा, पाकळ्या मागे सोला, मादी कळी उघडून पिवळ्या भुकटीचा भाग तिच्या कुक्षीच्या सगळ्या फाट्यांवर फिरवा, मग मादी फूल पुन्हा बांधून देठाला रंगीत लोकर अडकवा. नर नेहमी दुसऱ्या वेलाचा, आणि एका मादीला दोन-तीन वेगवेगळ्या वेलांचे. एका फाट्यालाच पराग लागला तर फळ वाकडं येतं आणि बी कमी भरतं. दुधी आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, तिथे कळ्या दुपारी बांधायच्या आणि काम संध्याकाळी करायचं. ही वेळ चुकली की पराग सुकलेला असतो, फळ गळतं, आणि दोष वाणाच्या माथी येतो.

सहाच वेल मावतात म्हणता, तर गटातल्या पाच जणांनी एकाच हंगामात, एकाच मूळ पाकिटातून सहा-सहा वेल लावा. प्रत्येक वेलाचं निदान एक हाताने फळवलेलं फळ घ्या आणि ३० फळांतून सारखं बी एकत्र करा. पाच जणांनी पाच वेगवेगळे वाण सहा-सहा वेलांवर ठेवणं सोपं वाटतं, पण त्यात पाचही वाण अरुंद होतात. एका वर्षी एक वाण पाच जागी, पुढच्या वर्षी दुसरा.

मक्यासाठी १०० कणसांचं लक्ष्य ठेवा. स्त्रीकेसर बाहेर पडण्याआधी कणसाला पिशवी, तुऱ्याला पराग धरायच्या आदल्या दिवशी पिशवी. एका झाडाचा पराग एकाच कणसाला, आणि ज्या झाडाचा तुरा वापरला त्याचं कणीस शक्यतो बियाला घेऊ नका. मग प्रत्येक कणसाच्या मधल्या भागातून ५० दाणे घेतले की ५,००० दाण्यांचा समतोल नमुना तयार.

माद्यांची संख्या वेगळी जपण्याचं आणखी एक कारण आहे. पेशीद्रव्यातली, म्हणजे पेशीत केंद्रकाबाहेर असलेली, जनुकं जवळजवळ नेहमी आईकडूनच येतात. १९७० साली अमेरिकेत मक्याच्या पानांवरील करप्याने देशाचं सुमारे १५ टक्के उत्पादन बुडवलं, तेव्हा तिथल्या संकरित मक्याच्या बहुतांश पेऱ्यात एकच, टेक्सास नावाचं पेशीद्रव्य होतं आणि बुरशीच्या नव्या वंशाला नेमकं तेच बळी पडत होतं.

---

बियाणे_बरणी:

फार मोलाचं मिळालं, सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी राहिल्या. पेरणी पुन्हा कधी करायची हे कशावरून ठरवायचं? आणि रानभात?

---

कोरडी_कोठी:

उगवण चाचणीवरून. साठवताना पहिली चाचणी करून आकडा लिहून ठेवा. उगवण त्या मूळ आकड्याच्या ८५ टक्क्यांखाली गेली की पेरा. मूळ ९० असेल तर मर्यादा साधारण ७६. जनुकपेढ्या २०० दाणे लावतात. तुम्ही १०० लावलेत तर ८५ चा आकडा ७ टक्के इकडेतिकडे असू शकतो, म्हणून एकाच चाचणीवर घाबरू नका, दुसरी करा. पण ५० टक्क्यांपर्यंत थांबू नका. मेलेले दाणे सगळ्या ओळींत सारखे वाटलेले नसतात, काही ओळी आधी मरतात, आणि उरलेल्या बियांतून मिळणारं पीक मूळ वाणापेक्षा अरुंद असतं.

न उगवलेला दाणा दाबून पाहा. मऊ, बुरशी आलेला म्हणजे मेलेला. टणक राहिलेला बहुधा सुप्तावस्थेत. कडधान्यांत टणक कवचामुळे पाणीच आत जात नाही; कवचाला गर्भाच्या विरुद्ध बाजूला ब्लेडने हलका छेद देऊन पुन्हा लावा. भाताचं ताजं बी झोपलेलं असेल तर कोरडं असतानाच ५० अंशांवर पाच-सात दिवस ठेवून मग चाचणी करा.

आणि पेरायचं ते नेहमी मूळ पाकिटातून. वाटपासाठी एक साठा आणि हात न लावण्याचा एक साठा, असे दोन करा. वाटपाचं संपलं तर न हलवलेल्यातून थोडं काढून वाढवा. वाढवलेल्यावरून वाढवलेलं, त्यावरून आणखी, असं करत गेलात तर पिढ्यांची गळती साठत जाते.

---

पाणथळ:

रानभाताबद्दल: बी गोळा कराच, पण वस्ती जागेवर राखणं त्याहून आधी. फ्रीजरमधलं बी ज्या दिवशी बंद केलं त्या दिवशी थांबतं. पाणथळीतली वस्ती दर हंगामात नवे रोग, नवा पाऊस, नवी कीड झेलत बदलत राहते. दोन्ही लागतात. शेतातल्या वाणांनाही हेच लागू आहे, म्हणून वरच्या सल्ल्यात एक जोड: ज्यांना रोजच्या पिकासाठी तो वाण लावायचा आहे त्यांनी दरवर्षी मोठ्या क्षेत्रावर लावत राहावं, आपल्या गरजेप्रमाणे निवडही करावी. साठ्यातलं मूळ बी वेगळं राहिलं म्हणजे झालं.

रानटी नातेवाइकांचं मोल किती, तर ग्रासी स्टंट विषाणूने आशियातला भात झोडपला तेव्हा फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने ६,००० हून जास्त नमुने तपासले. प्रतिकार सापडला तो भारतातून आणलेल्या ओरायझा निवारा या रानभाताच्या एका नमुन्यात. त्यातूनच आयआर ३६ हा वाण १९७६ मध्ये आला. हजारांत एक, तोही त्या नमुन्यातल्या मोजक्याच झाडांत. म्हणून रानातून बी आणताना संख्या पाहावी लागते.

रानभाताचं बी पिकताच गळतं आणि एकाच लोंबीत वरचे दाणे आधी गळतात. एका फेरीत काम होत नाही. लोंबी फुलून गेली की तिच्यावर बारीक जाळीची पिशवी बांधा आणि आठवड्याने गळलेले दाणे काढा, किंवा दोन-तीन फेऱ्या करून हाताने ओरबाडा. ५० किंवा जास्त झाडांवरून घ्या, पाण्याच्या कडेची आणि खोलगट भागातली अशी दोन्हीकडची. त्या दिवशी पिकलेल्या बियांपैकी २० टक्क्यांहून जास्त घेऊ नका, पुढची पिढी तिथेच रुजायची आहे. बहुवर्षायू रानभात फुटव्यांनी पसरतो, त्यामुळे दोन झाडांमध्ये काही मीटर अंतर सोडा, नाहीतर एकाच झाडाचे फुटवे पन्नास म्हणून मोजले जातील. काही दाणे कापून आत भरलेलं आहे का पाहा, पोल फार असतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत नेलंत तर वाटेतच तापून सडेल, कापडी किंवा कागदी पिशवी वापरा. दुसऱ्या पाणथळीतलं बी यात मिसळू नका. दोन वस्त्या वेगळ्या राहिल्या तरच त्यांच्यातला फरक राहतो.

पाणथळीचा मोठा धोका शेजारच्या भातशेतीचा आहे. एकाच वेळी फुलोरा आला तर लागवडीच्या भाताचा पराग रानभातात शिरतो. वस्तीत ताठ वाढणारी, कमी कुसळाची, दाणे धरून ठेवणारी झाडं वाढू लागली तर तीच खूण समजा. वस्तीच्या लगतची पट्टी भाताशिवाय दुसऱ्या पिकाखाली ठेवता आली, किंवा तिथे फुलोऱ्याची वेळ वेगळी असलेला वाण लावता आला, तर बराच फरक पडतो. पाणथळीत चराई पूर्ण बंद करण्याची घाई करू नका. मोजकी चराई उंच गवत आटोक्यात ठेवते, ती थांबली की रानभात गवताखाली गुदमरू शकतो. बियाणं भरण्याच्या काळात तेवढी जनावरं बाहेर.

पाकिटात पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी आत आणि तीच बाहेर: जागेचे अक्षांश-रेखांश, तारीख, किती झाडांवरून घेतलं, वस्ती अंदाजे केवढी, माती-पाणी कसं. एक दाबून वाळवलेली लोंबी पानासह जोडा. जात ओळखण्यात चूक झाली असेल तर पुढे तिच्यावरूनच दुरुस्त होते. सुरुवात करण्याआधी जागेची आणि जैवविविधतेच्या कायद्याखालची परवानगी विचारून घ्या, आणि परदेशी बी पाठवण्याचा विषय निघालाच तर पिकांच्या जनुकसंपत्तीबाबतच्या आंतरराष्ट्रीय कराराचे प्रमाणित करारपत्र लागतं.

आणि सगळं एका घरात ठेवू नका. सीरियातल्या अलेप्पोजवळची इकार्डा या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेची जनुकपेढी युद्धात हाताबाहेर गेली, तेव्हा नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या बीजकोठारात ठेवलेल्या तिच्या प्रती २०१५ मध्ये परत मागवून लेबनॉन आणि मोरोक्कोत पेरल्या गेल्या. २०१७ मध्ये नव्याने तयार झालेलं बी पुन्हा स्वालबार्डला पोहोचलंही. तुमच्या चाळीस वाणांची एकेक प्रत दुसऱ्या गावच्या गटाकडे सीलबंद ठेवली तरी हेच काम होतं.

---

बियाणे_बरणी:

कडधान्यांत भुंगा लागतो. वाळवूनही बरणीत निघतो. औषध न वापरता काय करावं?

---

कोरडी_कोठी:

भुंगा शेतातच शेंगेवर अंडी घालतो आणि अळी दाण्यात शिरून बसते, त्यामुळे बाहेरून दाणा स्वच्छ दिसतो. आधी वर सांगितल्याप्रमाणे पूर्ण वाळवा, मग सीलबंद पाकीट उणे १८ अंशांवर निदान एक आठवडा ठेवा. अंडी, अळी, कोष सगळं मरतं. क्रम उलटा करू नका. ओलावा १४-१५ टक्क्यांच्या वर असताना गोठवलं तर दाण्यातल्या पाण्याचा बर्फ होऊन गर्भच मरतो. भोकं पडलेले दाणे आधीच निवडून टाका.

एवढं कोरडं केलेलं कडधान्य पुढे थेट ओल्या मातीत किंवा ओल्या कागदावर टाकू नका. पाणी एकदम आत घुसतं, दलं तडकतात आणि चाचणीत उगवण खोटी कमी दिसते. बंद डब्यात तळाला थोडं पाणी, त्यावर जाळी आणि जाळीवर दाणे, पाण्याला न टेकता, असं एक दिवस ठेवा आणि मग पेरा.